२२ एकरांवर मॅन्युफॅक्चर्ड होम्सची भाड्याची वस्ती: गणित कुठे बसतं, कुठे फसतं

प्रश्न थोडक्यात असा. ऑस्टिनमध्ये आयटीत नोकरी करणाऱ्या एका मराठी जोडप्याची टेक्सासमध्ये वेकोच्या दक्षिणेला, शहराच्या हद्दीबाहेर २२ एकर जमीन आहे. सध्या ती गवतासाठी दिलेली आहे. तिथे लॉट पाडून मॅन्युफॅक्चर्ड होमवाल्यांना, म्हणजे कारखान्यात बांधून आणलेल्या घरांच्या मालकांना, भाड्याने द्यायचे आहेत. एकरी १० लॉट धरले तर २२० होतात, आणि महिना ५५० डॉलर भाड्याने वर्षाला साडेचौदा लाख डॉलर दिसतात. पुण्यातला भाऊ आणि इथले चार मित्र पैसे घालायला तयार आहेत. हे जमेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

जमेल, पण २२० लॉट नाहीत. जमीन चांगली निघाली तर ७५ ते ८५. आणि ते पाडून झाले म्हणजे उत्पन्न सुरू झालं असंही नाही. या धंद्यात दोनच गोष्टी नफा-तोटा ठरवतात: सांडपाणी कुठे जाणार, आणि रिकामे लॉट महिन्याला किती भरणार. रस्ते, वीज, दिवे, प्रवेशद्वार हे सगळं पैसे टाकले की होतं. या दोन गोष्टी मात्र नुसत्या पैशाने होत नाहीत.

आधी व्यवहाराचं स्वरूप नीट समजून घ्या. घर रहिवाशाचं, जमीन तुमची. तो लॉटचं भाडं देतो, तुम्ही रस्ता, पाणी, सांडपाण्याची लाईन आणि विजेचा पेडेस्टल, म्हणजे मीटर-स्विचचा खांब, देता. छप्पर गळलं तर तुम्हाला फोन येत नाही, हीच यातली खरी गंमत. मुंबईच्या पागडीशी तुलना करायचा मोह होतो, पण इथे भाडं गोठलेलं नसतं. टेक्सासमध्ये लॉटच्या भाड्यावर मर्यादा नाही; न्यूयॉर्कसारख्या राज्यात २०१९ पासून वर्षाला साधारण ३ टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणून राज्य बदललं की गणित नव्याने मांडायचं.

'मोबाइल' हा शब्द विसरा. १५ जून १९७६ नंतर संघीय गृहनिर्माण खात्याच्या, हडच्या, कोडनुसार कारखान्यात बांधलेलं ते मॅन्युफॅक्चर्ड होम, त्याआधीचं मोबाइल होम. नव्या प्रत्येक घराच्या प्रत्येक भागावर बाहेरून लाल धातूची पट्टी असते आणि आत घराची तांत्रिक माहिती देणारी डेटा प्लेट. एकदा बसवलेलं घर बहुतेक वेळा पुन्हा हलत नाही, कारण हलवायचा खर्च परवडत नाही. त्यामुळे भरलेला लॉट वर्षानुवर्षं भरलेला राहतो. भाडेकरू गेला तरी घर विकून जातो आणि नवा मालक तुमचाच भाडेकरू होतो.

इंजिनिअरला फोन करण्याआधी

पहिला खर्च टायटल कंपनीवर, म्हणजे मालकीहक्क तपासून देणाऱ्या कंपनीवर, करा. टेक्सासच्या ग्रामीण जमिनींच्या जुन्या डीडमध्ये (खरेदीखतात) 'नो मोबाइल होम्स' अशी अट असणं अगदी नेहमीचं आहे. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी मोठी जमीन तुकडे करून विकताना घातलेली ती अट आजही शेजाऱ्याला कोर्टात वापरता येते. काउंटीची, म्हणजे जिल्हा प्रशासनाची, परवानगी मिळाली म्हणून ती अट जात नाही. त्याच कागदांत पाइपलाइनचे इझमेंट (तुमच्या जमिनीवरचे दुसऱ्याचे वापरहक्क) आणि खनिजांचे हक्क बघा. जमिनीचे आणि खालच्या तेल-वायूचे मालक वेगळे असणं इथे सर्रास आहे, आणि पृष्ठभाग न वापरण्याची हमी नसेल तर बँक अडून बसते.

मग फेमाचा पुराचा नकाशा. इथला फेमा म्हणजे परकीय चलनाचा कायदा नव्हे, आपत्ती व्यवस्थापनाचं खातं. वर्षाला १ टक्का शक्यतेच्या पूररेषेतली जमीन लॉटच्या हिशोबातून वगळा. तिथे तळं किंवा मोकळं मैदान ठेवा.

काउंटीला टेक्सासमध्ये साधारणपणे झोनिंगचा, म्हणजे कुठल्या जमिनीचा वापर कशासाठी हे ठरवण्याचा, अधिकार नाही, म्हणून लोक समजतात की काहीही करता येतं. तसं नाही. राज्याच्या कायद्यात 'मॅन्युफॅक्चर्ड होम रेंटल कम्युनिटी' ही वेगळी व्याख्या आहे: दोन किंवा जास्त लॉट, खरेदीचा हक्क न देता, ६० महिन्यांपेक्षा कमी मुदतीने भाड्याने. या व्याख्येत बसलात तर सबडिव्हिजनचा प्लॅट, म्हणजे जमिनीचे तुकडे पाडल्याचा मंजूर नकाशा, लागत नाही. काउंटी फक्त पायाभूत सोयींचा आराखडा मागू शकते: पाण्याचा निचरा, पाणीपुरवठा, सांडपाणी, हद्दीचा सर्व्हे आणि बंब-रुग्णवाहिका जाईल असे रस्ते. आराखडा दाखल झाल्यावर ६० दिवसांत त्यांनी हो किंवा नाही सांगायचं असतं. फसतं ते इथे: भाडेकरूला खूश करायला कुणीतरी दहा वर्षांचा करार किंवा 'पुढे लॉट विकत घ्या' असं कलम घालतो आणि नकळत सबडिव्हिजनच्या नियमांत जाऊन पडतो. एक वर्षाचा, नूतनीकरण होणारा करार ठेवा. पुढे कर्जालाही तोच लागतो.

जमीन एखाद्या शहराच्या ईटीजेत, म्हणजे हद्दीबाहेरच्या प्रभावक्षेत्रात, आहे का तेही बघा. २०२३ च्या कायद्याने त्यातून बाहेर पडण्याचा अर्ज करता येतो. पण घाई नको. त्याच शहराकडून तुम्हाला सांडपाण्याची जोडणी हवी असेल तर आधी नातं तोडून मग पाहुणचार मागायला जाण्यात अर्थ नाही.

सांडपाणी

इथे सर्वात जास्त वेळ द्या. टेक्सासमध्ये सेप्टिक किंवा तत्सम जागेवरच्या व्यवस्थेची मर्यादा दिवसाला ५,००० गॅलन आहे. पाणी वाचवणारी उपकरणं असलेल्या तीन बेडरूमच्या घराला राज्याच्या तक्त्यात २४० गॅलन धरतात. ५,००० ला २४० ने भागा: २० घरं. एकविसावं घर आलं की तुम्ही वेगळ्या जगात गेलात. 'चार वेगवेगळ्या सेप्टिक टाकू, प्रत्येकी २० घरं' ही युक्ती चालत नाही. व्याख्येतच 'एक किंवा अधिक व्यवस्था' असे शब्द आहेत. मोजणी सगळ्या जागेची एकत्र होते.

८० घरं म्हणजे १९,२०० गॅलन. दोन मार्ग उरतात. पहिला, शहराची किंवा जिल्ह्याची गटारलाईन. ती किती लांब आहे, तुमच्यापेक्षा उंच आहे की खाली, आणि त्यांच्या प्रकल्पात क्षमता शिल्लक आहे का, हे तिन्ही प्रश्न लेखी विचारा. 'लाईन रस्त्यावरूनच जाते' याला काही किंमत नाही. ती दाबाची लाईन असेल तर तिला कुठेही जोडता येत नाही. दुसरा मार्ग, स्वतःचा छोटा प्रक्रिया प्रकल्प. त्याला राज्याच्या पर्यावरण आयोगाचा, टीसीईक्यूचा, परवाना लागतो, जाहीर सूचना निघते, शेजारी हरकत घेऊ शकतात आणि वर्ष सहज जातं. प्रकल्पापासून दुसऱ्याच्या हद्दीपर्यंत १५० फूट मोकळे लागतात, म्हणजे जमिनीचा चांगला तुकडा गेला. शिवाय लायसन्सधारक ऑपरेटर कायमचा. ८० लॉटच्या वस्तीला प्रकल्पाचा बोजा प्रति लॉट फार जड पडतो. शहराची लाईन मिळणारच नसेल तर माझ्या मते हा बेत इथेच थांबवावा, किंवा २० मोठ्या लॉटची छोटी वस्ती करावी.

आतल्या लाईनबद्दल दोन गोष्टी, ज्या नकाशावर दिसत नाहीत. घरापासून मुख्य लाईनपर्यंतच्या लॅटरलला, ४ इंची पाइपला, फुटाला किमान १/८ इंच उतार. शक्य तिथे १/४ द्या. घराच्या ड्रेनचं तोंड मॉडेलप्रमाणे वेगवेगळ्या ठिकाणी येतं. तुमचा राइझर, म्हणजे जमिनीबाहेर आलेलं जोडणीचं उभं तोंड, चुकीच्या जागी असेल तर घराखालून आडवी लांब लाईन न्यावी लागते, उतार मरतो, आणि दोन वर्षांनी महिन्याला एकदा चोकअप. प्रत्येक लॉटचा मोजमापांसह नकाशा करून तो घर विकणाऱ्याला ऑर्डरआधी द्यायचा. दुसरी गोष्ट रिकाम्या लॉटची. गवत कापणारा मशीनने राइझर तोडतो किंवा झाकण हरवतं, आणि पावसाचं सगळं पाणी गटारात. पाऊस पडला की सांडपाण्याचं मोजमाप दुप्पट का होतं याचा शोध बरेच जण मॅनहोलमध्ये घेत बसतात. कारण गवतात लपलेलं असतं. राइझरभोवती रंगवलेला लोखंडी खांब आणि स्क्रूची टोपी, एवढंच लागतं.

पाण्याचं तुलनेने सोपं. त्या भागात बहुधा एखाद्या ग्रामीण वॉटर सप्लाय कॉर्पोरेशनकडे त्या क्षेत्राचं सीसीएन, म्हणजे पुरवठ्याचा हक्क असतो. ८० जोडण्या द्यायला पाइप पुरेसा जाड आहे का, याचा अभ्यास ते तुमच्या खर्चाने करतात. स्वतःची विहीर घ्यायची म्हटली तर १५ जोडण्या किंवा २५ रहिवासी झाले की तुम्ही संघीय कायद्याने सार्वजनिक पाणीपुरवठादार ठरता: तपासण्या, अहवाल, ऑपरेटर. टाळा. प्रत्येक लॉटला मीटर मात्र पहिल्या दिवसापासून हवा. पाणी भाड्यात 'फुकट' दिलं की गळकी टाकी कुणी दुरुस्त करत नाही. आणि फेब्रुवारी २०२१ ची थंडी आठवून राइझरला इन्सुलेशन द्या. घराला पाण्याच्या तोंडाजवळ हीट टेपसाठी (पाइप गरम ठेवणाऱ्या पट्टीसाठी) प्लग असतो, तो लावलाय का हे बसवतानाच बघायचं.

आखणी आणि काळी माती

२२ एकरांतून पूररेषा, पाणी अडवायचं तळं, रस्ते आणि हद्दीलगतची मोकळी पट्टी वजा केली की उरलेल्यात ५० बाय ११० फुटांचे लॉट बसवा. एकूण एकरी सरासरी चारच्या आत-बाहेर येते. एकरी १० हा आकडा जुन्या, १२ फुटी सिंगलवाइडच्या, म्हणजे एकाच भागात येणाऱ्या घराच्या, काळातला आहे. आज १६ बाय ७६ चं सिंगलवाइड आणि दोन गाड्या धरून चालायचं. काही लॉट ६०–६५ फूट रुंद ठेवा, डबलवाइड (दोन भाग जोडून केलेलं घर) घेणारा जास्त टिकतो.

रस्त्याचा मोकळा पट्टा किमान २० फूट, वर १३ फूट ६ इंच अडथळा नको, आणि १५० फुटांपेक्षा लांब बंद टोक असेल तर बंबाला वळायची जागा. हे अग्निसंहितेचं झालं. पण आखणीची खरी परीक्षा घर आणणारा ट्रक घेतो. ७६ फुटांचं घर, पुढे हिच (ओढायचा दांडा), पुढे ट्रक, हे नव्वद-शंभर फुटांचं धूड कोपऱ्यावर वळवायचं असतं. लॉट रस्त्याला काटकोनात न ठेवता ३० ते ४५ अंश तिरके ठेवले तर घर मागे सरकवत आत घालता येतं, आणि समोरच्या भरलेल्या लॉटचं कुंपण वाचतं. वरच्या तारा नकोत, सगळं जमिनीखालून. लॉट भरण्याचा क्रमही आतून बाहेर ठेवा. तोंडावरचे लॉट आधी भरले तर दिसायला छान, पण शेवटची घरं आत न्यायला रडायची वेळ येते.

आता माती. वेकोच्या आसपास ब्लॅकलँड प्रेअरी आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या रेगूर जमिनीची ही सख्खी बहीण: उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा, पावसात फुगलेली. ज्याने काळ्या रानातल्या घराच्या भिंतींना तडे गेलेले पाहिलेत त्याला वेगळं सांगायला नको. रस्त्याखालची माती चुन्याने स्थिर करतात, पण त्याआधी सल्फेट तपासून घ्या. सल्फेट जास्त असलेल्या मातीत चुना घातला की रासायनिक क्रियेने ती उलट फुगते आणि नवा रस्ता वर्षभरात लाटांसारखा उठतो. टेक्सासचं रस्तेखातं ३,००० पीपीएमपर्यंतच नेहमीच्या पद्धतीने चुना घालू देतं. चाचणी स्वस्त, रस्ता महाग.

घराखालच्या ओट्याबाबत संघीय बसवणी नियम स्पष्ट आहेत: घरापासून पहिल्या १० फुटांत जमिनीला फुटाला १/२ इंच उतार, खाली ६ मिलचा (इंचाच्या सहा हजारांश जाडीचा) प्लास्टिक कागद, मुख्य फ्रेम आणि जमीन यांत किमान १२ इंच अंतर. काळ्या मातीत यातला उतार सर्वात महत्त्वाचा. घराखाली पाणी साचलं की माती एका बाजूला फुगते, दारं अडकतात, डबलवाइडची मधली जोडरेषा उघडते, आणि रहिवासी कारखान्याला शिव्या देतो. दोष ओट्याचा असतो. ओटा रस्त्यापेक्षा उंच, मधोमध फुगीर, आणि छपराला पन्हाळी सक्तीची. पूर्ण स्लॅबऐवजी दोन सळईयुक्त काँक्रीट पट्ट्या, रनर, पुरतात; जाडी आणि सळई माती तपासणाऱ्याने ठरवायची. पहिल्या दोन वर्षांत एकदा लेव्हल करावंच लागतं. ओटा तुमचा, लेव्हलिंग घरमालकाचं, हे करारात लिहा, नाहीतर दर पावसाळ्यानंतर वाद.

विजेसाठी पेडेस्टल घराच्या भिंतीपासून ३० फुटांच्या आत, दिसेल असा. कोडप्रमाणे किमान १०० अँपियर. पण इथली घरं पूर्ण विजेवर चालतात, २०० च टाका. पेडेस्टलपासून घरापर्यंत चार तारा, आणि घरातल्या पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ वेगळे. घरातल्या साध्या पॅनेलची सवय असलेला इलेक्ट्रिशियन तिथे ते जोडून टाकतो. मग घराच्या धातूच्या भागांतून परतीचा प्रवाह वाहू लागतो आणि दार उघडताना झटका बसतो. प्रत्येक बसवणीत हे तपासायचं.

घर निवडताना वाऱ्याचा झोन, म्हणजे ते किती वारा सोसायला बांधलंय, बघा. वेकोला झोन १ चालतो. पण तीच घरं पुढे किनारपट्टीच्या काउंटीत नेता येत नाहीत, तिथे झोन २ लागतो. स्वस्तात मिळतंय म्हणून कुठूनही आणलेलं घर डेटा प्लेट न वाचता घेऊ नका.

भरण्याचा वेग: सगळं इथे ठरतं

खालचे आकडे गृहीत आहेत, तुमच्या भागातले घालून पुन्हा करा. जमीन तुमचीच असली तरी बाजारभावाने धरायची: २२ एकर, एकरी २५,००० प्रमाणे ५,५०,००० डॉलर. ८० लॉटची कामं, प्रति लॉट ४८,००० प्रमाणे ३८,४०,०००. नकाशे, परवाने, शुल्क ३,५०,०००. एकूण ४७,४०,०००.

पूर्ण भरल्यावर ५७५ डॉलर भाड्याने वर्षाला ५,५२,०००. रिकामे आणि थकीत मिळून ५ टक्के गेले: ५,२४,४००. कर, विमा, व्यवस्थापक, दुरुस्ती मिळून ३५ टक्के खर्च. हातात निव्वळ ३,४०,८६०. खर्चाच्या तुलनेत ७.२ टक्के. बरं दिसतं.

आता भरण्याचा काळ धरा. कर्ज ६५ टक्के, म्हणजे ३०,८१,०००, व्याज ८.५ टक्के, वर्षाला सुमारे २,६२,०००. महिन्याला दोन घरं आली तर पहिल्या वर्षी सरासरी १२ लॉट भाडं देतात. भाडं ८२,८००, खर्च १,२०,००० (लॉट भरतील तसे हे वाढतात), वर व्याज: वर्षअखेर सुमारे ३ लाख डॉलर खिशातून. दुसऱ्या वर्षी सरासरी ३६ लॉट, तरी सुमारे १,५८,००० ची तूट. तिसऱ्या वर्षी जेमतेम बरोबरी. तीन वर्षांत साधारण ४,७०,००० डॉलर गेले. खरा खर्च झाला ५२ लाख १० हजार आणि परतावा ६.५ टक्के. वस्ती विकत घेणारा निव्वळ उत्पन्नाला तेवढ्याच, ६.५ टक्क्यांच्या, दराने भागून किंमत लावेल तर वस्तीचं मोल ५२ लाख ४४ हजार. म्हणजे चार-पाच वर्षं राबून ३४,००० डॉलर.

तेच महिन्याला चार घरं आली तर पहिल्या वर्षाची तूट २,२६,००० आणि दुसऱ्या वर्षापासून नफा. जमीन तीच, रस्ते तेच, फक्त वेग वेगळा. भाडं ५७५ ऐवजी ६५० मिळत असेल तर मोल सुमारे ५९ लाखांवर जातं. म्हणून आजूबाजूच्या दहा-बारा वस्त्यांना फोन करून भाडं, रिकामे लॉट आणि पाणी-कचरा भाड्यात आहे का हे विचारणं कुठल्याही सल्लागाराच्या अहवालापेक्षा मोलाचं. घराचा हप्ता अधिक लॉटचं भाडं हे त्या भागातल्या तीन बेडरूमच्या भाड्यापेक्षा ठळक कमी असायला हवं. बरोबरी असेल तर माणूस अपार्टमेंटमध्येच राहतो.

घरं आपोआप येत नाहीत. 'लॉट उपलब्ध' असा फलक लावून बसलेल्यांचे लॉट वर्षानुवर्षं रिकामे आहेत, कारण स्वतःचं घर घेऊन जागा शोधणारे थोडे. बहुतेक वस्त्यांत मालकच घरं आणून बसवतो आणि विकतो. क्लेटन, चॅम्पियन, कॅव्हको यांच्या कारखान्यांकडून घ्यायची, काही उधारीवर. पाच-सहा घरं कायम सजवून उभी लागतात. कारखान्याच्या किमतीवर वाहतूक, बसवणी, एसी, स्कर्टिंग (घराखालची पोकळी झाकणारं आवरण), पायऱ्या-डेक आणि जोडण्या वाढतात. नवखे हा भाग नेहमी कमी धरतात. घेणाऱ्याला चॅटल कर्ज मिळतं, म्हणजे जमिनीशिवाय फक्त घरावर. ट्वेंटीफर्स्ट मॉर्गेजसारखे सावकार त्यातलेच. व्याज साध्या घरकर्जापेक्षा जास्त. सावकाराशी आधीच लेखी ठरवा की घर जप्त केल्यावर ते विकेपर्यंत लॉटचं भाडं तो भरेल.

टेक्सासमध्ये बारा महिन्यांत एकापेक्षा जास्त घरं विकायची तर रिटेलरचं लायसन्स लागतं. स्वतः हप्त्याने विकणार असाल तर २००८ चा सेफ ॲक्ट आणि २०१० चा डॉड-फ्रँक हे कर्ज देणाऱ्यांवरचे संघीय कायदे आडवे येतात. कर्जाचं काम लायसन्सधारकामार्फतच. 'रेंट टू ओन' असं नाव दिल्याने सुटका होत नाही. न विकलेली घरं भाड्याने द्यायचा मोह होईल. थोडी द्या, पण घरं भाड्याने दिली की गळकं छप्पर, गीझर आणि रात्रीचे फोन तुमचे, आणि पुढे कर्ज देणारी बँक घराचं भाडं मोजत नाही, फक्त लॉटचं मोजते.

भाडेकरार टेक्सासच्या प्रॉपर्टी कोडच्या ९४ व्या प्रकरणाखाली येतो. सुरुवातीला किमान सहा महिन्यांचा करार देऊ करणं बंधनकारक आहे. पुढे फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक या सरकारी पाठबळाच्या संस्थांचं दीर्घ कर्ज घ्यायचं तर त्यांच्या भाडेकरू-संरक्षणाच्या अटी आहेत. फॅनी मेच्या अटींत एक वर्षाचा नूतनीकरणयोग्य करार, भाडेवाढीची ३० दिवस आधी सूचना, भाडं भरायला पाच दिवसांची सवलत, आणि घर जागेवरच विकण्याचा हक्क येतात. हे सगळं पहिल्याच करारात घाला. ८० करार नंतर बदलणं म्हणजे ८० दारं पुन्हा ठोठावणं. मुलं असलेल्या कुटुंबांना नाकारता येत नाही. ५५ वर्षांवरची वस्ती करायची तर किमान ८० टक्के घरांत ५५ पूर्ण केलेली एक व्यक्ती लागते, आणि तसे कागद ठेवावे लागतात.

मित्रांचे पैसे, भावाचे पैसे आणि कर

मित्रांनी नुसते पैसे घालायचे आणि राबायचं तुम्ही, तर तो सिक्युरिटीचा, म्हणजे रोख्यांचा, व्यवहार आहे. संघीय रोखे-नियमांतल्या रेग्युलेशन डीच्या ५०६(बी) खाली जाहिरात न करता ओळखीच्यांकडून घेता येतात. महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'इंटरेस्टेड असाल तर डीएम करा' असं टाकलंत की ती जाहिरात झाली. पुण्यातल्या भावाला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतील, पण तुमच्या एलएलसीच्या (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या) नफ्यातल्या त्याच्या वाट्यावर इथे आधीच कर कापून भरावा लागेल. एच-वन-बीवर असाल तर गुंतवणूक चालते. रोज जाऊन वस्ती चालवणं हे काम ठरू शकतं. इमिग्रेशन वकिलाचा तासभर त्यावर खर्च करा.

रस्ते, लाइनी, ओटे हे १५ वर्षांच्या घसाऱ्यात येतात आणि १९ जानेवारी २०२५ नंतर घेतलेल्यांवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा मिळू शकतो. मात्र तो तोटा पगारातून वजा होईल असं धरू नका. 'रिअल इस्टेट प्रोफेशनल' ठरायला वर्षाला ७५० तास आणि कामाच्या एकूण वेळेतला अर्ध्याहून जास्त वाटा लागतो. पूर्णवेळ आयटीवाल्याला ते जमत नाही. आणि गवतासाठी दिलेल्या जमिनीला शेतीचा सवलतीचा कर लागत असेल, तर वापर बदलताच मागच्या तीन वर्षांचा फरक भरावा लागतो. तो ३,५०,००० च्या रकमेत धरलेला नाही.

पुढच्या तीन महिन्यांत या क्रमाने जा: टायटल आणि डीडच्या अटी, शहराकडून सांडपाण्याच्या क्षमतेचं पत्र, वॉटर कॉर्पोरेशनचा अभ्यास, शेजारच्या वस्त्यांचं भाडं आणि रिकामे लॉट, त्यानंतरच माती आणि इंजिनिअरचा प्राथमिक नकाशा. पहिल्या दोनपैकी एकाचं जरी उत्तर 'नाही' असं आलं तर पुढचे पैसे खर्चू नका. त्याच पैशांत भागातली ३०–४० लॉटची जुनी वस्ती शोधा, जिथे गटार शहराचं आहे आणि दहा-बारा लॉट रिकामे पडलेत. तिथे रस्ता आणि लाईन आधीच जमिनीत आहे. तुम्हाला फक्त घरं आणायची आहेत.